राजकन्या बोलते एक, गाते दुसरी

नमस्कार मंडळी, सांगलीहून. पंखा बंद ठेवलाय, त्यामुळे मधेच घाम पुसताना दिसले तर समजून घ्या. पंख्याची घरघर माईकमध्ये येते, आणि आज विषयच आवाजाचा आहे.

परवा भाचीबरोबर 'अलादीन' बघत बसले होते. जुना, १९९२ चा, हाताने काढलेल्या चित्रांचा. उडत्या गालिच्यावरचं गाणं सुरू झालं आणि पोरगी म्हणाली, "आत्या, हिचा आवाज बदलला." मी म्हटलं, अगं गाताना बदलतोच थोडा. तर म्हणे, "नाही, ही दुसरीच बाई आहे."

आणि बरोबर होतं की तिचं! मी हा सिनेमा कितीदा तरी बघितलाय, पण माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्यातली राजकन्या जास्मिन बोलते लिंडा लार्किनच्या आवाजात आणि गाते ली सलोंगाच्या. अलादीनचंही तेच. बोलायला स्कॉट वाइंगर, गायला ब्रॅड केन. म्हणजे गालिच्यावर बसलेत दोघं, पण आवाज चौघांचे. ली सलोंगा फिलिपिन्सची, रंगमंचावर गाऊन तयार झालेली. पुढं १९९८ च्या 'मुलान'मध्येही मुलान गाते ती हिच्याच गळ्यातून, बोलते मात्र मिंग-ना वेन. आणि त्यातली ती खट्याळ आजी आठवते? तिलासुद्धा दोन आवाज आहेत. बोलणं जून फोरेचं, गाणं मार्नी निक्सनचं. आजीला काय कमी करायचं!

आता हे जमतं कसं? तर अशा सिनेमात बहुतेक वेळा आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्रं नंतर काढतात. चित्रकार तो ट्रॅक पुन्हा पुन्हा ऐकतो आणि त्यावर तोंडाची हालचाल बसवतो. आपल्याकडं डबिंग करणाऱ्यांचं नेमकं उलटं असतं. तोंड आधीच हलून गेलेलं, त्यात शब्द कोंबायचे. पडद्यावर ओठ मिटले की तिथं प, ब किंवा म आलाच पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याला खटकतं. अर्थ धरावा तर ओठ सुटतात, ओठ धरावेत तर वाक्य वाकडं होतं. माझ्या मते हे काम जास्त अवघड, आणि कौतुक मात्र कमी.

कौतुकावरून आठवलं. 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स', १९३७. डिस्नेचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. त्यातल्या राजकन्येचा आवाज एड्रियाना कासेलोटीचा, बोलणं आणि गाणं दोन्ही. तिचे वडील गाणं शिकवायचे. स्टुडिओतून त्यांना फोन आला, की लहान मुलीसारखा आवाज असलेली, गाणारी कोणी आहे का? ही बया दुसऱ्या फोनवरून चोरून ऐकत होती, आणि मधेच गाऊन दाखवून मोकळी झाली! (हसून) आमच्या घरी असलं केलं असतं तर गाणं राहिलं बाजूला, पाठीत धपाटा बसला असता. बरं, निवड करताना वॉल्ट डिस्ने पडद्याआड बसून नुसतं ऐकायचे. मुलगी दिसते कशी, याचा परिणाम होऊ नये म्हणून.

तिला मिळाले सगळे मिळून ९७० डॉलर. आणि पडद्यावर नाव? नाही. कुठल्याच आवाजवाल्याचं नव्हतं. गाण्यांच्या रेकॉर्डी विकल्या गेल्या तेव्हा त्यातला वाटा मागत ती आणि राजपुत्राचा आवाज दिलेला हॅरी स्टॉकवेल १९३८ साली कोर्टातही गेले. १९९४ मध्ये, म्हणजे जवळपास सत्तावन्न वर्षांनी, कंपनीनं 'डिस्ने लीजेंड' म्हणून तिचा सन्मान केला.

त्याच सिनेमातली राणी आणि चेटकीण दोन्ही आवाज ल्युसिल ला व्हर्न या मुरलेल्या नटीचे. चेटकिणीसाठी तिनं काय केलं म्हणे, बाहेर गेली, कवळी काढून ठेवली आणि परत माईकपुढं उभी राहिली. असा किस्सा सांगतात. हा माझा सगळ्यात आवडता.

आता सांगलीकरांनो, तुम्हाला यात नवल वाटायचं कारण नाही. ५ नोव्हेंबर १८४३. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीता स्वयंवर' केलं. त्या खेळात पदं कोण म्हणायचं? सूत्रधार! पदं सूत्रधाराच्या गळ्यातून, हावभाव सोंग घेतलेल्या नटाचे. पद संपलं की नट आपलं भाषण करायचा. आपण भावे नाट्यमंदिरासमोरून रोज गाडी दामटतो, पण एकाचं अंग आणि दुसऱ्याचा गळा हा मामला आपल्या गावात पावणेदोनशे वर्षांपूर्वी रंगमंचावर होऊन गेलाय. आणि दुसऱ्याच्या ओठांसाठी गाण्यात जिनं आयुष्य घातलं त्या आशाबाई, त्यांचा जन्मही सांगलीचाच, १९३३ चा. फरक एवढाच, की त्यांचं नाव घराघरात पोचलं. जास्मिन कोण गायलं, हे किती जणांना सांगता येईल?

भाचीला हे सगळं सांगितलं. तिनं सूत्रधार ऐकला, पटवर्धन ऐकले, आशाबाई ऐकल्या आणि शेवटी विचारलं, "आत्या, खरंच कवळी काढली की आवाज बदलतो?"

आता घरात कवळी एकच आहे. (कॅमेऱ्याच्या मागे बघत) आई, एकदाच. नुसतं "आरशा, आरशा" म्हण.

(मागून: "काही नको, पाच हजार लोक बघतात तुझं ते.")

बरं. पंखा लावते आता.