पार्सलचं भाडं आणि पाच रिकामे क्लास

स्क्रीनवर दिसतेय ती फाईल पार्सलचं भाडं काढणाऱ्या एका जुन्या पायथन प्रोग्रामची आहे, मीच लिहिलेली. वर एक बेस क्लास (क्लास म्हणजे माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र ठेवणारा साचा, बेस म्हणजे बाकीच्यांचा पाया), खाली साधं, एक्सप्रेस, नाजूक सामान, सणाची सूट, रिटर्न असे पाच क्लास, आणि गंमत बघा, प्रत्येकात मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन, एकच. आत काही साठवलेलं नाही, त्या साच्यातून ऑब्जेक्ट बनवायचा, ती मेथड बोलवायची, ऑब्जेक्ट सोडून द्यायचा. हिशोबाची प्रत्येक पद्धत अशी वेगळी ठेवून हवी ती लावायची, याला स्ट्रॅटेजी पॅटर्न म्हणतात, आणि तेव्हा मला वाटायचं डिझाइन म्हणजे हेच.

पण पायथनमध्ये फंक्शन ही सुद्धा एक व्हॅल्यूच आहे. व्हेरिएबलमध्ये ठेवा, डिक्शनरीत (नाव आणि त्यासमोर किंमत अशा यादीत) टाका, दुसऱ्या फंक्शनच्या हातात द्या. सॉर्ट करताना क्रम कशावरून लावायचा हे सांगणारं फंक्शन (key) देतो तेव्हा आपण स्ट्रॅटेजीच वापरतो की, फक्त कोणी ते नाव घेत नाही. मग मी पाच क्लास काढून पाच डेफ, म्हणजे साधी फंक्शन, लिहिले आणि एका डिक्शनरीत पार्सलचा प्रकार आणि त्यासमोर त्याचं फंक्शन मांडलं, बस. संगणकतज्ज्ञ पीटर नॉर्विगनी १९९६ मध्येच दाखवलं होतं की ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकातल्या प्रसिद्ध २३ पॅटर्नपैकी १६ लिस्प किंवा डायलनसारख्या प्रोग्रामिंग भाषेत एकतर सोपे होतात नाहीतर दिसेनासेच होतात.

पायथनला हे काही नवीन नाही, लॅम्ब्डा (बिननावाचं छोटं फंक्शन), मॅप (यादीतल्या प्रत्येकावर फंक्शन चालवणारं), फिल्टर (यादीतून निवडणारं), रिड्यूस (सगळ्या यादीचं एकच उत्तर करणारं) हे सगळं १९९४ च्या १.० व्हर्जनपासून आहे. २००५ मध्ये स्वतः पायथनचे जनक गीडो व्हान रॉसम हे चारही काढून टाकायचं म्हणत होते, शेवटी २००८ च्या ३.० मध्ये फक्त रिड्यूस पायथनसोबतच येणाऱ्या फंक्टूल्स या मॉड्यूलमध्ये हलवलं गेलं, बाकीचे राहिले. रिड्यूसबद्दल मला त्यांचं पटतं, बेरजेपलीकडे गेलं की वाचणाऱ्याला कागद-पेन घेऊन बसावं लागतं, त्यापेक्षा साधा फॉर लूप बरा.

आता जिथे मी पूर्ण एक दिवस अडकलो होतो ती जागा दाखवतो. किलोमागे ४०, ६० आणि ९० रुपये असे तीन दर होते, लूप फिरवून प्रत्येक दराचा एकेक लॅम्ब्डा बनवून लिस्टमध्ये टाकला. दोन किलोचं पार्सल दिलं तर ८०, १२०, १८० यायला हवेत ना? आले १८०, १८०, १८०. कारण लॅम्ब्डा दराची किंमत धरून ठेवत नाही, नाव धरून ठेवतो, आणि बोलवेपर्यंत लूप संपून त्या नावात ९० बसलेला असतो. फंक्टूल्समधलं पार्शियल फंक्शनला काही किंमती आधीच देऊन ठेवतं, ते वापरलं की दर त्याच क्षणी बांधला जातो, प्रश्न मिटला.

पण खरा फायदा मला सणाच्या सवलतीच्या हिशोबात झाला. जुना कोड आजची तारीख आतल्या आत विचारायचा, दर डेटाबेसमधून आतच आणायचा, त्यामुळे दिवाळीची सूट नीट चालते का हे बघायला दिवाळीच यावी लागायची, नाहीतर कम्प्युटरची तारीख बदला. आता वजन, दर, तारीख तिन्ही बाहेरून येतात, फंक्शन फक्त हिशोब करून उत्तर परत देतं, टेस्ट मे महिन्यातही दोन ओळीत होते. डेटाबेस, फाईल, प्रिंट हे सगळं कडेला ठेवलं. पार्सल स्वतः फ्रोझन डेटाक्लास, म्हणजे फक्त माहिती ठेवणारा आणि एकदा बनला की न बदलणारा क्लास, ही सोय पायथन ३.७ पासून आहे, मध्येच कोणी वजन बदलायला गेलं तर लगेच एरर येतो, बदल हवा असेल तर नवीन कॉपी काढायची.

क्लास सगळे गेले असं नाही हं. डेटाबेसचं कनेक्शन उघडायचं, सांभाळायचं, बंद करायचं, तिथे लक्षात ठेवण्यासारखं काहीतरी असतं, तिथे क्लास शोभतो आणि मी तो ठेवलाय.

परवा डोंगराळ भागासाठी जादा आकार लावायचा होता. हा बघा तो बदल, एक डेफ, डिक्शनरीत एक ओळ, आणि बाकीच्या फाईलला हातही लागलेला नाही.