गाडी खोलायच्या आधी

तर मंडळी, जुनी मोटरसायकल घरी नीट ठेवायची म्हणजे पाने घेऊन खोलाखोली करायची, हे आधी डोक्यातून काढा. खोलणं सगळ्यात शेवटी. माझ्याकडं वडिलांची हिरो होंडाची सीडी हंड्रेड आहे, 97 सीसीची, हे मॉडेल 1985 ला आलं, अन ती आजबी रोज शेतात जाते.

एका उन्हाळ्यात परभणीहून जिंतूरला निघालो की सात-आठ किलोमीटरवर गचके खाऊन बंद पडायची, लिंबाखाली दहा मिनिटं थांबलं की परत चालू. एका गॅरेजवाल्यानं ठिणगीला करंट देणारी कॉईल बदलली, मग हवा अन पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचं किट टाकलं, पैसे गेले अन गाडी होती तशीच. शेवटी एकदा बंद पडल्या पडल्या मी टाकीचं झाकण उघडलं तर हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला! झाकणाला बारीक छिद्र असतं बघा, पेट्रोल खाली उतरंल तशी त्यातून हवा आत यावी लागते, ते आपल्या रस्त्याच्या धुळीनं बुजलेलं. हवा येईना म्हणून पेट्रोल उतरंना. झाकण धुतलं, पंपानं हवा मारली, झालं. फुकटात.

म्हणून गाडी चालू होईना गेली तर आधी कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी बघा, पेट्रोल बघा, मग इंजनात ठिणगी पाडणारा प्लग काढा. प्लग खरं बोलतो. टोक चहाच्या रंगाचं असंल तर इंजन खुशाल आहे. काळी कोरडी काजळी असंल तर हवा कमी पडायली, एअर फिल्टर उघडा, कापसाच्या दिवसात त्यात काय काय निघतं ते बघाच एकदा. पेट्रोलनं ओला असंल तर कॉक बंद करून, एक्सलेटर पूर्ण ओढून आठ-दहा किका मारा, आतलं जास्तीचं पेट्रोल उडून जातं. तेलानं चिकट झाला असंल तर मात्र पिस्टनच्या रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचं सील गेलंय, ते काम मिस्त्रीचंच. ठिणगी बघायची तर प्लग त्याच्या वायरीच्या कॅपमधी घालून त्याची बॉडी इंजनच्या उघड्या लोखंडाला टेकवा, किक मारा, निळी ठिणगी पडली पाहिजे. पण हे प्लगच्या भोकापासून लांब धरून करा, आतून पेट्रोलची वाफ येती, भडका उडू शकतो.

आता पेट्रोलमधी 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं अन इथेनॉल पाणी धरतं, त्यामुळं गाडी महिना-महिना उभी ठेवली की टाकीच्या तळाला पाणी साचतं, आतून गंज धरतो, जुने रबरी पाईपबी कडक होतात. कार्बोरेटरच्या खाली ड्रेनचा स्क्रू आहे, तो ढिला करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत धरा, पाणी असंल तर खाली वेगळं दिसंल.

चेनचं अन तेलाचं चहा झाल्यावर सांगतो. बाहेर गाडी उभी आहे, प्लगपाना डिक्कीत आहे, ज्यानं कधीच प्लग काढला नाही त्यानं आधी पुढं या.