तोल सावरताना: अटॅक्सिया आणि आधाराची साधनं

[दृश्य: चाळीची गॅलरी. पाय फाकवून, एक हात कठड्यावर ठेवून चालणारी व्यक्ती.]

अटॅक्सिया म्हणजे हालचालींचा ताळमेळ बिघडणं. त्यात पायांतली ताकद बरेचदा शाबूत असते. बिघडतो तो लहान मेंदूचा हिशेब: पाऊल कधी उचलायचं, कुठे टेकायचं, किती झुकलं की सावरायचं. म्हणून चाल झोकांड्या खाते, वळताना तोल जातो आणि बघणाऱ्यांना वाटतं, घेतलेली दिसते.

दुकानातली बहुतेक साधनं मात्र दुखरा गुडघा किंवा मोडलेला पाय डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात. चार पायांची काठीच घ्या. एकटी उभी राहते, म्हणून घरचे कौतुकाने आणतात. पण तिचे चारही पाय एकदम टेकले तरच ती स्थिर. हात हेलकावत असेल तर दोनच टेकतात आणि काठी कलंडते. अरुंद पायरीवर तर तिचा तळ मावतही नाही.

सुरुवातीच्या काळात दोन हातांत दोन ट्रेकिंगच्या काठ्या बऱ्या. त्यांची उंची कोपर काटकोनात राहील एवढी ठेवायची. साध्या काठीचं आणि वॉकरचं माप वेगळं: हात सैल सोडून उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी. माप रोजच्या पादत्राणांतच घ्यायचं, आणि ती मागे पट्टा असलेलीच हवीत. सपाता नकोत.

[दृश्य: तीन प्रकारचे वॉकर शेजारी शेजारी.]

उचलून पुढे ठेवायचा वॉकर इथे घात करतो. उचलला की दोन्ही हात हवेत, आणि माणूस मागे जातो. पुढे दोन चाकं असलेला वॉकर ढकलता येतो. चारचाकी रोलेटर वळायला सोपा, पण पुढे पळतो. ब्रेक नेमक्या क्षणी दाबावा लागतो आणि या आजारात तोच क्षण चुकतो. मूठ दाबल्यावर चाकं सुटतात आणि सोडल्यावर थांबतात, अशा उलट्या ब्रेकचा मिळाला तर तोच घ्यावा.

हलकं ते चांगलं, हा दुकानदाराचा नियमही इथे सरसकट चालत नाही. काहींच्या हातांचे हेलकावे वजनदार वॉकरमुळे कमी होतात. फिजिओथेरपिस्टसमोर दोन्ही बाजूंच्या खालच्या दांड्यांना अर्ध्या अर्ध्या किलोच्या वाळूच्या पिशव्या बांधून पाहावं. दमायलाच होत असेल तर काढून टाकाव्यात.

[दृश्य: बाथरूमच्या दारात ताणलेली मोजपट्टी.]

पैसे देण्याआधी दार मोजा. चौकट नव्हे, दार उघडल्यावर उरते ती मोकळी जागा. १८ इंची सीटची साधी व्हीलचेअर बाहेरच्या रिंगांसकट साधारण २५-२६ इंच भरते. मुंबईतल्या कित्येक बाथरूमच्या दारांतून ती आत जाणारच नाही. तिथे लहान चाकांची, अरुंद कमोड चेअर लागते. मोरीच्या कडप्प्याच्या उंबऱ्याचंही तेच. १:१२ च्या प्रमाणात ४ इंच उंबऱ्याला ४ फूट उतार हवा. वन रूम किचनमध्ये तो आणायचा कुठून? त्यापेक्षा दोन्ही बाजूंना भिंतीत पक्क्या बसवलेल्या दांड्या लावाव्यात. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे. ती स्क्रूसकट हातात येते.

घरात चालणाऱ्यानेही बाहेर व्हीलचेअर वापरायला हरकत नाही. पहिल्या मोठ्या पडण्याची वाट बघू नये. सीट बसल्यावरच्या नितंबांच्या रुंदीपेक्षा एक-दोन इंचच रुंद असावी. जास्त सैल असेल तर धड एका बाजूला कलतं. गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा राहावी. पुढची चाकं ८ इंची असतील तर पेव्हर ब्लॉकच्या फटींत कमी अडकतात. फुटपाथवरून उतरवताना खुर्ची उलटी फिरवून मागची मोठी चाकं आधी खाली घ्यायची.

प्रवासात मेट्रोचा डबा फलाटाच्या पातळीत असतो, शिवाय स्टेशनात लिफ्ट. लोकलला दिव्यांगांचा डबा असतो खरा, पण फलाट आणि फूटबोर्डमधलं अंतर ओलांडायला सोबत लागतेच.

काठीचे, वॉकरचे रबरी बूट पावसाळ्याआधी तपासावेत. तळाच्या वळ्या गुळगुळीत झाल्या की ते ओल्या लादीवर सरकतात. नवे घेताना जुना बूट किंवा काठीच दुकानात न्यावी. सैल बूट चिखलात निघून येतो.