पाडू नका, उतरवा

अध्यक्षांनी माझी ओळख वास्तुरचनाकार अशी करून दिली. आमच्या सोसायटीत मला ‘दारवाले काका’ म्हणतात. ते का, एवढं आधी सांगतो, मग इमारती सुट्या करून उतरवता येतील अशा बांधायच्या, या विषयावर येतोच.

वाईला माझ्या आजोळचा वाडा होता. राहण्याजोगा उरला नाही तेव्हा मामांनी एका म्हाताऱ्या सुतारांना बोलावलं. मी शाळेत. मला वाटलं, आता घण चालणार, धुरळा उडणार, मज्जा! या गृहस्थांनी पहिला अख्खा दिवस लाकडांवर गेरूने आकडे घालण्यात काढला. मी कंटाळून नदीवर गेलो. दुसऱ्या दिवशी कौलं उतरली, मग रिपा, मग वासे. तुळई खांबाच्या डोक्यावर खाचेत बसवलेली, पाचर मारून आवळलेली. सुतारांनी पाचरीच्या बारक्या टोकावर दोन टोले दिले आणि पणजोबांच्या वेळेपासून न हललेला जोड सुटला. विटा चुन्यातल्या. आम्ही पोरं कोयत्याने खरवडून त्यांची रास लावायचो. गावात कुणी ‘वाडा पाडला’ म्हणालं नाही, ‘उतरवला’ म्हणाले. माझं आजचं सगळं व्याख्यान त्या एका क्रियापदात आहे, त्यामुळे ज्यांना चहाला जायचंय त्यांनी खुशाल जावं.

कुणीच उठलं नाही? बरं.

त्या वाड्याचं सागवानी दार पुढे माझ्या पुण्यातल्या फ्लॅटला लावलं. ठेकेदार हौशी. म्हणाला, साहेब, असं बसवतो की भूकंपातही हलणार नाही. शब्दाला जागला! होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, मारून चौकट काँक्रीटमध्ये गाडली. गेल्या वर्षी इमारत पुनर्विकासाला गेली. झडपा बिजागऱ्यांचे स्क्रू काढून निघाल्या. चौकट तीन तुकड्यांत आली. वाईहून एकदा सहीसलामत निघालेलं लाकूड आमच्या पस्तीस वर्षांच्या प्रगत बांधकामातून जिवंत सुटलं नाही. तेव्हापासून मी सोसायटीच्या प्रत्येक बैठकीत दाराचा विषय काढतो, आणि सेक्रेटरी घड्याळ बघतात.

...चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे आता मूळ विषय.

मुद्दा जोडाचा आहे. जोड त्यातल्या वस्तूपेक्षा हट्टी असला की सोडवताना वस्तू मरते. कडक सिमेंटच्या मसाल्यातली वीट काढू गेलं की फुटते. चुना मऊ, तो विटेला सोडतो. काँक्रीटचा स्लॅब तर एकसंध, त्याचा जोड कुठे शोधणार? नोएडाचे जुळे मनोरे 28 ऑगस्ट 2022 ला काही सेकंदांत खाली आले. टाळ्या पडल्या आणि 80 हजार टनांच्या आसपास राडारोडा उरला. उलट काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल बघा. 1860 च्या दशकात त्याचा ओतीव लोखंडी सांगाडा इंग्लंडात सुट्या भागांत बनला, जहाजाने आला आणि इथे जोडला गेला. सुटं करून जोडणं मुंबईला नवं नाही.

तुम्ही किल्लारी काढाल. काढायलाच हवी. 1993 सालच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. पण सोडवता येणारा जोड वेगळा आणि आपोआप सुटणारा वेगळा. नीट आवळलेली पाचर कुणी काढल्याशिवाय सहसा निघत नाही, नटबोल्टही नाही. मात्र त्यांचं गणित इंजिनिअरनेच करायचं, हौशी ठेकेदाराने नव्हे.

भराभर सांगतो. पोलादी सांगाड्यात जिथे जमेल तिथे वेल्डिंगऐवजी बोल्ट. नळ आणि वायरी भिंतीत पुरू नका, उघडता येईल अशा पोकळीतून न्या. पाइप भिंतीच्या कितीतरी आधी म्हातारा होतो. आतल्या आडभिंती सुक्या जोडाच्या, म्हणजे मसाल्याशिवाय बसवलेल्या. कुठला भाग कशाने धरलाय, त्याचा नकाशा सोसायटीच्या कपाटात, शेअर सर्टिफिकेटांशेजारी. खर्च सुरुवातीला वाढतो, खोटं बोलत नाही. बिल्डर तो का करील? इमारत उतरवायच्या वेळी तो तिथे नसतो. म्हणून बांधकाम परवान्याच्याच वेळी उतरवणीचा आराखडा मागा. हे ऐच्छिक ठेवलं तर होणार नाही.

दिवे मालवताहेत. एकच: झडपा अजून माझ्या गॅलरीत उभ्या आहेत. कुणाचा वाडा उतरत असेल आणि पावणेसात फुटी चौकट निघणार असेल, तर जाताना भेटा.