आधी जेवून घे

हे पाणी जळगाव जिल्ह्यातल्या चांगदेव गावचं. तापी आणि पूर्णा इथंच भेटतात, आणि हतनूर धरणामुळं पात्र एवढं पसरलंय. तालुका मुक्ताईनगर, जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात. संत मुक्ताई १२९७ मध्ये याच तापीकाठी गुप्त झाल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आईबाप लहानपणीच गेले, लोकांनी वाळीत टाकलं, चौघा भावंडांनी माधुकरी मागून दिवस काढले, मग त्या मुक्ताईचं नाव घेणाऱ्या आमच्या या मठातून कोणी उपाशी परत कसं जाईल?

आता ही चूल बघा. आज बारस, म्हणजे वरण-बट्टी. गहू जाडसर दळायचा, थोडा मका, ओवा, हळद, तेलाचं मोहन, घट्ट मळून गोळे करायचे आणि गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, मग राख झटकून फोडायचे, वरून तूप, सोबत तुरीचं वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी. पंगत उठेपर्यंत ही चूल विझत नाही.

परातीजवळ बट्ट्या वळतायत त्या ताई नेपाळच्या. नवरा बाजारपेठेत रात्रीची गस्त घालायचा, शिट्टी आणि काठी, महिन्याला दुकानादुकानातून पैसे गोळा करायचा. सगळे बहादूर म्हणायचे, खरं नाव कोणी विचारलं नाही, हे वाईटच. तो तापानं गेला, भाडं थकलं, खोली गेली. १९५० च्या करारामुळं नेपाळच्या माणसाला इथं राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही, पण रेशनकार्ड नाही, ओळखीचं कोणी नाही, मग कुठं जायचं? गोरखपूरची गाडी पकडू म्हणून पोराला घेऊन भुसावळ स्टेशनवर आल्या, तिकिटाला पैसे नव्हते, आणि फलाटावरच राहिल्या.

तिथून एका माळकरी आजींनी त्यांना एसटीत बसवून इथं आणलं. दारात कोणी कागद मागितला नाही. "बस वं माय, आधी जेवून घे." नाव-गाव दुसऱ्या दिवशी विचारलं. माळ घाल असंही आजपर्यंत कोणी म्हटलेलं नाही, संध्याकाळी हरिपाठाला त्या आपल्या आपण येऊन बसतात.

पोरगं आता झेडपीच्या शाळेत जातं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखलाही निघाला.

अशा बायका अजून येतात हो. रात्री झोपायला ही एकच पत्र्याची खोली आहे, तिला लागून दुसरी बांधायची आहे. तूरडाळ, गहू, गोवऱ्या, जे जमेल ते द्या, आणि कोणी गवंडीकाम जाणत असेल तर दोन दिवस येऊन जा.