उभ्याचं दुखणं

(अंधार. पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज. दिवा लागतो. ओटा, तवा आणि खाली दोन पाय.)

पहाटेचे साडेचार. पुण्यातलं एक घरगुती पोळी-भाजी केंद्र. नाव सांगायचं नाही आणि चेहरा दाखवायचा नाही, या अटीवर काकूंनी आम्हाला स्वयंपाकघरात घेतलं. म्हणून ही गोष्ट पायांचीच. 22 वर्षं हे पाय रोज सात-आठ तास याच ओट्यापुढं उभे आहेत.

डावी पोटरी बघा. हिरव्या-निळ्या, गाठी आलेल्या, नागमोडी शिरा. संध्याकाळी पाय जड होतो, घोटा सुजतो, रात्री गोळे येतात. साडीच्या निऱ्यांखाली हे सगळं सहज झाकलं जातं, तसं काकूंनी ते झाकलं. पुढं घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली. खाज सुटली, खाजवून जखम झाली. ती दोन महिने भरेना, तेव्हा कुठं मुलीनं त्यांना दवाखान्यात नेलं.

(रेखाचित्र: पायातल्या शिरा.)

हृदय रक्त खाली धाडतं. ते परत वर आणायचं काम पोटरीचं. पाऊल टाकलं की पोटरीचा स्नायू आवळतो, खोलवरच्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर चढतं. ते खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात. विहिरीतल्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळका झाला की पाइपातलं पाणी खाली उतरतं, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पायातही तेच होतं. जांघेपासून घोट्यापर्यंत कातडीखालून एक लांब शीर जाते. तिच्या झडपा सैल पडल्या की रक्त उलटं उतरतं, साचतं आणि शीर फुगते. हेच व्हेरिकोज व्हेन्स.

नुसतं उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरपर्यंत जातो. निरोगी पायात चालायला लागलं की तो 30 च्या आसपास उतरतो. चालणारा पाय पंप मारत असतो, उभा पाय नुसता भार सोसतो. केस कापणारे कारागीर, वाहतूक पोलीस, फळ्यापुढं उभे असलेले शिक्षक, सगळ्यांची तीच तऱ्हा. त्यात आईकडून-वडिलांकडून आलेला वारसा आणि बाळंतपणं यांचीही भर पडते.

(जुनी चित्रं, एकामागून एक.)

दुखणं जुनं आहे आणि त्यावरचा इलाजही. रोमचा सेनापती मारियस सात वेळा कॉन्सल, म्हणजे तिथला सर्वोच्च अधिकारी, झाला. त्यानं बांधून न घेता, उभ्यानं एका पायाच्या शिरा कापून घेतल्या, तोंडातून हूं की चूं केलं नाही. वैद्य दुसऱ्या पायाकडं वळला, तेव्हा मात्र तो नको म्हणाला. एवढ्या वेदनेच्या मोलाचा हा इलाज नाही, असा त्याचा हिशेब होता.

1907 मध्ये अमेरिकेतल्या बॅबकॉक यांनी शिरेच्या आतून तार घालून ती अख्खी ओढून काढायची पद्धत आणली. पुढची जवळपास शंभर वर्षं मुख्य मार्ग तोच राहिला. मोठी भूल, जांघेत छेद, मांडीभर काळंनिळं, मग कित्येक दिवस घरी. काकूंच्या मनात भीती होती ती याच ऑपरेशनची. त्यांच्या सासूबाईंचं तसंच झालं होतं.

(दवाखाना. काकू उभ्या, पायाजवळ डॉक्टर बसलेल्या.)

ही डॉपलर तपासणी, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह बघणं. डॉक्टर पोटरी दाबतात, रक्त वर जातं. हात सोडतात. आता ऐका, उलटं येणाऱ्या रक्ताचा आवाज. कातडीखालच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटा प्रवाह राहिला, की झडप निकामी. काकूंचा बराच जास्त राहिला. फुगलेल्या शिरांवर पेननं खुणाही उभ्यानंच करतात, कारण आडवं झालं की गाठी जिरून जातात.

(शस्त्रक्रियेची खोली. सोनोग्राफीचा पडदा.)

गुडघ्याजवळ एक सुई. त्या वाटेनं बारीक नळी शिरेत जाते आणि सोनोग्राफीत बघत बघत जांघेच्या थोडं अलीकडं थांबवली जाते. आता शिरेभोवती, वरपासून खालपर्यंत, भुलीचं औषध घातलेलं पातळ सलाईन टोचतात. "काकू, झोंबेल हं थोडं." झोंबतंच. सगळ्या प्रकारातला त्रासाचा भाग हाच. पण हे पाणी मोठं कामाचं. त्यानं भूल मिळते, शीर नळीवर घट्ट बसते आणि आजूबाजूचं मांस उष्णतेपासून वाचतं. लिपोसक्शनसाठी, म्हणजे अंगातली चरबी शोषून काढण्यासाठी, एका त्वचारोगतज्ज्ञानं 1980 च्या दशकात शोधलेली ही युक्ती नसती, तर पुढचं काही जमलंच नसतं.

नळीचं टोक 120 अंशांना तापतं. 20 सेकंदांत सात सेंटिमीटर शीर आतून आकसते. नळी मागं घ्यायची, पुढचे सात. ही रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेनं शीर बंद करणं. लेझरही हेच काम करतो. दोन्ही तंत्रं 1990 च्या दशकाच्या अखेरीस पुढं आली. वेड्यावाकड्या शिरांत औषधाचा फेस टोचतात. काही ठिकाणी चक्क गोंदानं शीर चिकटवतात. गोंदाला ते झोंबणारं पाणी लागत नाही, पण काहींच्या अंगावर त्याची पुरळ उठते.

आता प्रत्येक जण विचारतो तो प्रश्न: शीर बंद केली, मग रक्त जाणार कुठून? पायातलं सुमारे 90 टक्के रक्त मुळात खोलवरच्या शिरांतूनच जातं. ही वरची शीर मदतीला होती आणि आता ती मदतही करत नव्हती. म्हणूनच खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत ना, हे आधी बघावं लागतं. त्या तुंबलेल्या असतील तर वरची वाट बुजवणं महागात पडू शकतं.

दोष? आहेत. मांडीत ताण बसल्यासारखं काही दिवस दुखतं, एखादा पट्टा बधिर राहतो, क्वचित खोल शिरेत गुठळी होते. काही वर्षांनी नव्या शिरा फुगूही शकतात. 'लेझरनं कायमचा आराम' असा बोर्ड दिसला, तर आम्ही तरी दोन पावलं मागं सरकू.

आणि जखम? ब्रिटनमध्ये अशाच जखमांच्या 450 रुग्णांवर झालेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. दाब देणाऱ्या पट्ट्या सगळ्यांनाच बांधल्या होत्या. शीर लवकर बंद केलेल्यांची जखम साधारण 56 दिवसांत भरली, थांबलेल्यांना 82 दिवस लागले. काळवंडलेला घोटा झाकून ठेवण्यात हे दिवस जातात.

(दवाखान्याचा जिना. पायात घट्ट मोजे.)

तासाभरात काकू उठल्या आणि चालत खाली आल्या. निजून राहायचं नाही, चालायचं, अशी ताकीद आहे. निजून राहिलं की गुठळीचा धोका वाढतो.

(पुन्हा ओटा. आता शेजारी उंच स्टूल.)

आठव्या दिवशी पोळ्या सुरू झाल्या. दर अर्ध्या तासानं काकू टाचा उचलून खाली ठेवतात, वीसदा, तव्यावरची पोळी फुगेपर्यंत. जखमेवर खपली धरलीय. उजव्या पायाची तारीख त्यांनी आपणहून विचारली.

"गणपती झाल्यावर द्या. त्याआधी मोदकांच्या ऑर्डरी आहेत."