बीमखालची भिंत

मंडळी, माइक खरखरतोय, पण चालवून घेऊ. भिंतींची जोडणी आणि स्टीलच्या बीमवरचा भार, असा विषय छापलाय.

लातुरात भिंतीवर बोलायचं तर किल्लारी टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाडजूड भिंती माणसांच्या अंगावर आल्या. त्यातल्या अनेक घरांत माळवद लाकडी खांबांनी पेललं होतं, भिंत नुसती आडोशाला. तेव्हापासून आपण भिंतीच्या वजनाला भितो, ते बरोबरच आहे. पण भिंत कशाला, कशी बांधली हे कोण विचारतं? भार कुणाकडे जाणार हे जोडणी ठरवते. माझं म्हणणं एवढंच, बाकीचा वेळ मी भांडणार आहे!

वाळूजला एका शेडमधलं ऑफिस बघायला बोलावलं. नाव राहू द्या. मधल्या मजल्यावर जिप्समची पार्टिशनं, वरच्या मजल्यावर जुन्या फायलींचे गठ्ठे. दारं अडकायला लागलेली, बोर्डांना तिरप्या भेगा. मालक म्हणाले, "साहेब, जालन्याचं लोखंड वापरलं, तरी वाकलं कसं?" आता जालन्याची ख्याती सळईची, बीमचा तिथं काय संबंध? पण आपल्याकडे लोखंड म्हटलं की जालनाच. (हशा) फॅब्रिकेटर तर छाती फुगवून सांगत होता, "एकदम टाइट बसवलंय, हलणार नाही."

तिथंच दुखणं होतं. भेगा पडू शकणाऱ्या भिंती असतील तर आय.एस. ८००:२००७ मध्ये, म्हणजे स्टील बांधकामाच्या भारतीय मानकात, बीमच्या वाकण्याची मर्यादा गाळ्याच्या, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराच्या, ३६०व्या भागाएवढी आहे. म्हणजे ६ मीटरचा बीम १६-१७ मिमी खाली आला तरी तो नियमातच आहे. त्याखाली अर्ध्या मिलिमीटर पत्र्याचे स्टड, म्हणजे पार्टिशनमधल्या उभ्या पट्ट्या, घट्ट ठोकले, की ते बिचारे कॉलम होतात. काही मुडपले, आणि उरलेल्यांनी फायलींचा भार खालच्या बीमवर नेऊन टाकला. त्या बीमच्या हिशेबात फक्त पार्टिशनचं वजन धरलेलं! डिझायनरचा कागद बरोबर, बीमही बरोबर, आणि मालक मात्र वर्षभर सगळ्यांशी भांडतोय.

उपाय स्वस्त आहे. वरचा ट्रॅक, म्हणजे स्टडची टोकं ज्यात बसतात ती आडवी पन्हळ, खोल घ्या, स्टड २० मिमी आखूड कापा, आणि वरच्या ट्रॅकला स्क्रू मारू नका. ट्रॅकच्या कडा भिंतीला बाजूने धरतील, बीम मोकळा वरखाली होईल. बीम जास्त वाकणार असेल तर फट वाढवा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. छापलेला विषय आता सुरू होतोय बघा! (हशा)

वजन: २३० मिमी विटांची ३ मीटर उंच भिंत प्लास्टर न धरताही मीटरमागे साधारण १३ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचं वजन). १५० मिमी एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकची ३ च्या आसपास. जिप्समची त्याहून कमी.

पीळ: तीच विटांची भिंत बीमच्या मध्यरेषेपासून १०० मिमी सरकली, तर दर मीटरला १.३ किलोन्यूटन-मीटर पीळ. आय सेक्शन, म्हणजे इंग्रजी I च्या आकाराचा बीम, वाकण्याला दणकट, पिळाला अगदी कच्चा. भिंत मध्यावर आणा, नाहीतर आडवे बीम जोडून पीळ अडवा.

वारा: बाहेरच्या भिंतीचे स्टड नुसत्या खालच्या फ्लॅंजला, म्हणजे बीमच्या खालच्या आडव्या पट्टीला, धरले, तर वारा ती फ्लॅंज बाजूला ढकलतो. तिथून स्लॅबला तिरका टेकू द्या.

भूकंपातल्या सरकण्याचं राहिलं, ते चहाच्या वेळी. मागे हात वर केलेत ना, विचारा.